मधलं खाचर

लोणावळ्यात शनिवार-रविवार काढायला हवी तेवढी जागा मिळते. बायकामुलांसह बारा महिने राहायचं म्हटलं की मिळत नाही. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे हे मला रोज ऐकू यायचं. हॉटेलांत काम करणारे, बंगल्यांची राखण करणारे लोक नळाचा वायसर नाहीतर कडीकोयंडा घ्यायला यायचे आणि सुटे पैसे खिशात टाकता टाकता विचारायचे, "ताई, एखादी खोली आहे का बघण्यात?" खोली कुणाकडेच नसायची. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती रंगवून, एसी लावून पाहुण्यांना दिवसावर द्यायला काढली होती.

आईची पुण्यातली जागा विकल्यावर आम्हा बहिणींच्या वाट्याला जे आलं, त्यातल्या माझ्या हिश्श्यातून मी जमीन घ्यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, बँकेत ठेव. दुकानात येणारे ठेकेदार म्हणाले, बंगला बांधा, पोहायचा तलाव करा, वीकेंडला द्या. तलावाचं पाणी बदलत बसायची मला हौस नव्हती. मला महिन्याच्या महिन्याला भाडं देणारी, पोरं शाळेत घातलेली कुटुंबं हवी होती. यात समाजसेवा वगैरे काही नव्हती. पोरं शाळेत गेली की माणूस खोली सोडत नाही, एवढा साधा विचार होता.

जमीन मिळाली कार्ल्याजवळ, हायवेवरून आत जाणाऱ्या रस्त्याला. भाताची तीन खाचरं होती, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरचं आणि मधलं एकाच माणसाचं, खालचं त्याच्या वारलेल्या भावाच्या बायकोचं. त्याला मधलं विकायचं होतं आणि त्याने ते आधीच बिनशेती करून ठेवलं होतं. मी त्याला भाऊ म्हणायचे. बोलायला गोड माणूस. वकिलाने कागद तपासले, सरकारी मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले. एवढं चोख काम मी दुकानाचा गाळा घेतानाही केलं नव्हतं.

जोतं रस्त्याच्या वर हवं, म्हणून मधलं खाचर मुरमाने भरून घेतलं. मग चार खोल्या खाली, चार वर. प्रत्येकीला आत संडास-बाथरूम, ओटा, मागे कपडे वाळत घालायला जागा. जिना बाहेरून काढला, जागा वाचवायची म्हणून जरा उभाच झाला. सिमेंटपासून नळापर्यंत सगळं मला आतल्या भावात मिळत होतं, आणि रोज दुपारी दुकान नवऱ्यावर सोडून मी साइटवर जायचे.

पायाआधी गावातल्या बायका येऊन बघून जायच्या. काय होणार, किती खोल्या, कोण राहणार, असं विचारायच्या. भराव पडला आणि येणं थांबलं. खालच्या खाचराची मालकीण, मी तिला मावशी म्हणायचे, बांधावर गवत कापत असायची. मी हाक मारली तर मान वर करून बघायची आणि परत खाली घालायची. शेजारच्या घरातून गवंड्यांना पिण्याचं पाणी मिळत असे, तेही बंद झालं. "मोटर बिघडलीय," असं सांगितलं, आणि मागे मोटर चालू असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, बाहेरची बाई येऊन दोन मजले चढवतेय हे खुपतंय. मग वाटलं, काहीतरी हवं असेल, मागतील तेव्हा बघू. दुकानात बसून बसून माणसाला सगळीकडे गिऱ्हाईकच दिसायला लागतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी खोल्या भरल्या. वरची एकच राहिली होती, तिचं रंगकाम बाकी होतं. खालची कोपऱ्यातली खोली एका स्वयंपाक्याच्या कुटुंबाने घेतली. तो जवळच्या हॉटेलात होता. बायको, पाचवीतली मुलगी आणि आई. बीडकडची माणसं. आईचे गुडघे गेलेले. ती खोलीत आली, भिंतीला धरून एकदा फिरली आणि तिने मला एकच विचारलं, "जिना न्हाई ना?"

"नाही आजी."

"मग झालं," म्हणाली आणि खाली बसली.

तिच्या सुनेने दुसऱ्याच दिवशी दारात तुळस आणि कढीपत्ता लावला. बादलीत, कारण खाली मुरूम होता.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. मध्येच तो दमला. चार दिवस नुसतं ढगाळ. मी वरच्या खोलीचा नळ बदलायला प्लंबर घेऊन गेले होते. तो काम करत होता तोवर गॅलरीत उभी राहिले, आणि पहिल्यांदाच तिन्ही खाचरं एका नजरेत आली. म्हणजे दोन खाचरं आणि मध्ये माझी इमारत. वरचं काठोकाठ भरलेलं, डोंगराचं पाणी त्यात अजून येतच होतं. खालचं कोरडं पडायला लागलेलं, वर साय धरल्यासारखी माती. एकाच पावसात दोन शेजारची खाचरं अशी का असावीत, याचं उत्तर शोधायला इंजिनियर लागत नव्हता. मी ज्यावर उभी होते तेच उत्तर होतं.

प्लंबरला तसाच सोडून मी भाऊंच्या घरी गेले. ते पडवीत बसले होते.

"भाऊ, तुमच्या खाचरातलं पाणी खाली कसं जातं?"

"जात हुतं."

"कुठून?"

"तुमच्यातनं." आणि हसले. "बसा की. चा टाकाय सांगू?"

"चहा नको. मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं व्हय? तुमच्या वकिलानं समदं बगितलं, मोजनीवाला बगून गेला. मला वाटलं, एवडी दोन मजली बांदनारी बाई, तिला पानी कुटनं उतरतंय ते कळत नसंल व्हय?"

"मग आता?"

"आता काय. मी जमीन इकली ताई, पानी न्हाई इकलं. माजं खाचर भरलंय, मला काय तरास न्हाई."

मी उठले. दारापर्यंत आले तर मागून म्हणाले, "आन् तिला तरी झेपतंय कुटं आता? एकटी बाई. पडीक ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. मावशीकडे गेल्यावर कळलं.

मावशी घरामागे भाताच्या रोपाला हंड्याने पाणी घालत होती. रोप चांगलं उठलं होतं, पोपटी, दाट. मी उभी राहिले. तिने हंडा रिकामा केला आणि मग बोलली.

"आता आलात व्हय?"

"मला माहीत नव्हतं मावशी. आत्ता गॅलरीतून बघितलं."

"माहीत न्हवतं? माजा दीर तर म्हनला, बाईला समदं सांगितलंय. बाई म्हनली, माजी जागा हाय, मी काय बी करीन."

"असं मी कधीच म्हटलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतेय का, हे ती ठरवत होती, आणि तिने ते लगेच ठरवलं नाही.

"मग तुम्ही मला येऊन विचारायचं ना," मी म्हटलं. "भराव पडत होता तेव्हाच. मी रोज तिथे होते."

"पानी काय मागायचं असतंय व्हय?" तिचा आवाज चढला. "हितं पानी कुनी मागत न्हाई. वरच्याचं भरलं की त्यो बांदाला तोंड पाडतो, मंगच घरी जातो. माजा मालक गेल्यापास्नं दीर माज्यासंगं बोलत न्हाई. लगनात समोर आला तर तोंड फिरवतो. पर पावसात रोज तोंड पाडून जायचा. त्याला गाव बगतंय ना. आता त्याचं काम तुमी केलं. आता त्यो कुनाला बी सांगंल, मी पाडलं असतं की तोंड, पर खाली बाईची भिंत हाय."

"म्हणजे त्यांना हे हवंच होतं?"

"दोन सालं माजं पडीक ऱ्हायलं की यील. वैनी, तुमाला झेपत न्हाई, द्या मला. मला पोरगा न्हाई, पोरगी दिली तळेगावात. गाव बी म्हनंल, खरं हाय त्याचं." तिने हंडा उचलला. "तुमी शिकलेल्या हाय. तुमाला सांगाया नको."

रोप किती दिवस थांबेल, असं मी विचारलं. अजून थोडे दिवस, ती म्हणाली. मग त्याला गाठी धरतात, लावून उपयोग नसतो.

मी ठेकेदाराला बोलावलं. त्याने येऊन दोन्ही बाजू बघितल्या. एका बाजूला सेप्टिक टँक, दुसऱ्या बाजूला रस्त्याची गटार, तीही उंच. तरी म्हणाला, टँकच्या कडेने पाइप टाकू. टाकला. पाऊस परत लागला त्या दिवशी भाऊंच्या खाचरातून बांध ओलांडून गवत, काडीकचरा, चिखल, कुणाच्या तरी चपला असं सगळं त्या पाइपात येऊन बसलं. मुळात उतारच नव्हता. पाणी इमारतीच्या मागच्या भिंतीला तुंबलं आणि कोपऱ्यातल्या खोलीत फरशीच्या कडेने झिरपत आत आलं. मी पोचले तेव्हा सुनेने गाद्या ओट्यावर रचल्या होत्या आणि आजी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मुलगी तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत होती, मोठ्याने, पावसाच्या वर आवाज जावा म्हणून.

ठेकेदाराने मला बाजूला घेतलं. "मॅडम, खाचराचा सखल भाग या खोलीखालनं जातो. पाणी तिथंच येणार. खोलीच्या भिंती काढायच्या, भराव उपसायचा, खालून पाणी जायला मोकळी चारी न्यायची. खांबांना धक्का नाही, वरची खोली राहील."

"खालची जाईल."

"खालची जाईल. पण आत्ता नको. दिवाळीनंतर करू, कोरड्यात."

दिवाळीनंतर भाताला काय करायचं होतं पाणी?

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "तिच्या एका सालाच्या भाताची भरपाई करून टाक. पुढच्या पावसाआधी शांतपणे काम कर." शहाणपणाचंच होतं ते. मी दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेले आणि तसं बोलले. वर्षाला पुरेल एवढा इंद्रायणी तांदूळ मी आणून देईन, म्हटलं.

"तांदूळ दुकानात मिळतो," ती म्हणाली. "माजं रान पडीक दिसलं न्हाई पायजे. त्याचं काय देता?"

मला एक साल थांबायचं होतं, तिला नेमकं तेच एक साल परवडत नव्हतं. तिथून मी सरळ कोपऱ्यातल्या खोलीत गेले.

मी बोलायला सुरुवात केली तेव्हा सुनेला वाटलं, फरशी दुरुस्त करायचं सांगतेय. "करा की ताई, आम्ही दोन दिवस शेजारी झोपू."

"खोलीच काढायची आहे."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आम्ही भाडं वेळेवर दिलं ना?"

"तुमचं काहीच चुकलेलं नाही." मी सगळं सांगितलं. तिघी ऐकत होत्या. वरची खोली तयार आहे, त्याच भाड्यात घ्या, डिपॉझिट तेच, असंही सांगितलं.

आजी उठली. कुणाला काही न बोलता बाहेर आली आणि जिन्याला लागली. कठड्याला धरून एक पाय वर, मग दुसरा त्याच्याशेजारी. मी आणि सून मागे. निम्म्यावर ती थांबली आणि पायरीवर बसली. जिना उभा होता. तो मी जागा वाचवायला तसा करून घेतला होता. पण साधा असता तरी ती रोज चढली-उतरली असती असं मला वाटत नाही.

"चढंन मी," ती धापा टाकत म्हणाली. "उतरायचं कसं? मेल्यावर खाली आणाल तवाच उतरंन मी." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "तिचं रान हाय म्हून तिचं ऐकलं. आमचं हितं काय न्हाई. बादल्याच हायेत आमच्या."

सून म्हणाली, "आई, असं नका बोलू." आजी म्हणाली, "का? खोटं हाय?"

खरं होतं ते. माझ्यापुढे दोन बायका होत्या, आणि जिला उचलून दुसरीकडे नेता येत होतं तिला मी उचललं. यापेक्षा जास्त न्यायाचं त्यात काही नव्हतं.

मी चार ठिकाणी फोन करून कामशेतच्या पुढे एक तळमजल्याची खोली मिळवून दिली. पत्र्याची होती. टेम्पो मी केला. स्वयंपाक्याला आता हॉटेलवर यायला कितीतरी जास्त अंतर झालं, त्याने ती नोकरी पुढे सोडली असं मला नंतर कळलं. मुलीची शाळा वर्ष सुरू होऊन महिना झाला नाही तोवर बदलली. टेम्पोत बसताना ती रडत नव्हती. तिने कढीपत्त्याची बादली मांडीवर घेतली होती. तुळस जागा नाही म्हणून मागे ठेवली, आणि मी ती वरच्या गॅलरीत नेऊन ठेवली. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा सून बोलली, ठीक आहे म्हणाली. दुसऱ्यांदा उचलला नाही.

भर पावसात भिंती काढल्या. दोन माणसं आणि एक छोटा जेसीबी. मी स्वतः बसवून घेतलेली फरशी, ओटा, नवीन सिंक, सगळं निघालं. मुरूम उपसला. दुपारपर्यंत चार खांबांच्या मधून एक उघडी चारी झाली. मग मी भाऊंकडे निरोप पाठवला की तोंड पाडा. ते आले. शेजारीपाजारी बघायला जमले होते, त्यामुळे न येऊन भागणार नव्हतं. कुदळीचे चार-पाच घाव घातले आणि पाणी आलं. गढूळ, घाईचं. खांबांना वळसा घालून खाली मावशीच्या खाचरात उतरलं.

"ताई," भाऊ कुदळ खांद्यावर टाकत म्हणाले, "एका बाईपायी खोली घालवली? असा धंदा करत्यात व्हय?"

"तुम्ही सांगितलं असतं तर सखल जागा सोडून जोतं घेतलं असतं."

"आता बोलून काय उपेग?" म्हणाले आणि गेले.

मावशी खाली बांधावर डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. तिने आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. दोन दिवसांनी तिच्याकडे लावणीला बायका आल्या. भात उशिरा लागलं. पीक कमी आलं, पण आलं. गावाने ते उभं बघितलं.

सात खोल्या भाड्याने गेल्या आहेत, माझं चाललंय. आठवीचा हिशेब मी सोडून दिला. पाहुणे येतात ते खालची मोकळी जागा बघून विचारतात, "इथे गाड्या लावायला देता का?" मी सांगते, पावसात या आणि मग विचारा.

यंदा उन्हाळ्यात मावशी दुकानात आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. काउंटरशी उभी राहून म्हणाली, "वरचं बी इकायला काडलंय त्यानं. पुन्याची पार्टी येनार हाय बगायला. तुमी घेता?"

"नाही मावशी. मला झेपणार नाही."

"मला वाटलंच." तिने मांडणीतलं एक कुलूप उचलून परत ठेवलं. "पार्टीनं भराव टाकला की डोंगराचं पानी रस्त्याच्या गटारीत जातंय. मंग तुमची खोली बी फुकट गेली आन् माजं रान बी."

मला हे आदल्या आठवड्यातच कळलं होतं. मी ते कुणाशी बोलले नव्हते.

"मागल्या टायमाला मी गप ऱ्हायले," ती म्हणाली. "या टायमाला आदी जाऊन सांगनार हाय. तुमी संगं चला. तुमचं शुद्ध हाय बोलनं, त्यास्नी कळंल."

पार्टी रविवारी आली. तरुण नवरा-बायको, चांगली माणसं वाटली. भाऊ त्यांना हद्द दाखवत होते. आम्ही दोघी बांधावरून चालत गेलो. भाऊंचा चेहरा बदलला, पण चारचौघांत काही बोलता येईना. मी त्या दोघांना पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते हात करून दाखवलं. खांबांच्या मधली चारी दाखवली. तिथे खोली होती, असं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. त्या मुलीने दोन प्रश्नही विचारले, शहाणे प्रश्न होते.

"बरं झालं सांगितलंत, काकू," तो म्हणाला. "आम्ही आमच्या आर्किटेक्टशी बोलतो."

"त्यो हितं ऱ्हातो का?" मावशीने विचारलं.

"नाही, पुण्यात."

"मंग त्याला हितं आना. पावसात आना. मी दावते." ती मागे फिरली नाही. गाडी सुरू होईपर्यंत बांधावर तशीच उभी राहिली, आणि तिच्याशेजारी मीही उभी राहिले. ते घेणार की नाही, हे अजून आम्हाला कळलेलं नाही.